सुशिक्षित, उच्चशिक्षित, पदवीधर... आणि फायनल झालेली आत्या

निळीशाई

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. मदत हवी.

माझी आत्या गेल्या वर्षी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला घरातल्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायची असं आम्ही भावंडांनी ठरवलं आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच पानावर मी लिहिलं, 'आत्या स्वतः फारशी सुशिक्षित नव्हती, पण चारही मुलांना तिने उच्चशिक्षित केलं.' कच्चा मजकूर सगळ्यांना पाठवला. रात्री आत्येभावाचा फोन. "ताई, आईला तू अडाणी ठरवलंस." मी म्हटलं, अरे तसं लिहिलेलंच नाही. तो म्हणाला, "फारशी सुशिक्षित नव्हती म्हणजे दुसरं काय गं?"

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेतल्या एका कागदाचा फोटो पाठवला. चार घड्यांवर विरत आलेला कागद. छापील ओळींमधल्या मोकळ्या जागेत टाकाने लिहिलेलं आत्याचं माहेरचं नाव आणि खाली 'व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण'. घडी नेमकी 'उत्तीर्ण'वरून गेलीय, त्यामुळे 'र्ण' अर्धा उडालाय. मागून कुणीतरी खळ लावून कागदाची पट्टी चिकटवली आहे. भाऊ म्हणतो, ती पट्टी आत्यानेच लावली होती. फायनल झाल्यावर लग्नाआधी दोन वर्षं ती मुलींच्या शाळेत शिकवत होती, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

वाक्य मी तेव्हाच खोडलं. पण त्या जागी काय लिहू? 'शिक्षित' लिहिलं तर ते मराठी वाटत नाही, आपण बोलताना कुणाला 'शिक्षित' म्हणतच नाही. 'साक्षर' म्हटलं तर नुसती सही करता येत होती असं वाटतं. 'शिकलेली' म्हटलं तर लगेच प्रश्न येतो, किती? आणि 'सुशिक्षित' या शब्दाची तर मला आता भीतीच वाटायला लागली आहे. त्यात शिक्षण किती आणि घराणं, राहणी, बोलण्याची पद्धत किती हेच कळेनासं झालंय. शाळा-कॉलेजात रीतसर शिकून परीक्षा दिलेल्या माणसांसाठी आपल्याकडे नेमके कोणते शब्द आहेत आणि त्यांच्या छटा काय, हे जाणकारांनी सांगावं.

कोरीपाटी

'अल्पशिक्षित' चालेल ना? त्यात अपमान नाही.

खडूफळा

नाही चालणार. अल्प कुणाच्या मानाने? आजच्या. तिच्या काळात नाही.

मी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. माझे स्वतःचे पहिले मास्तर फायनल झालेले होते. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीच्या शेवटी होणारी परीक्षा. ती शाळेतल्या शाळेत होत नसे. बाहेरची परीक्षा, बाहेरचे परीक्षक. पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. गावात पत्र वाचायला, अर्ज लिहायला लोक त्याच्याच ओसरीवर यायचे. तुमच्या आत्या मुलगी असून त्या काळी फायनल झाल्या म्हणजे पंचक्रोशीत अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. त्यांना 'अल्पशिक्षित' म्हणणं म्हणजे जुन्या मापाचं धान्य आजच्या मापाने मोजून कमी भरलं म्हणण्यासारखं आहे.

जुन्या लोकांचे शब्द बघा, परीक्षेचं नावच माणसाला चिकटायचं. 'ते फायनल आहेत.' 'तो मॅट्रिक आहे.' 'नॉन-मॅट्रिक' हीसुद्धा एक ओळख होती, म्हणजे मॅट्रिकपर्यंत गेला पण परीक्षा निघाली नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली, त्यानंतर शंभरेक वर्षं मॅट्रिक हा आपल्याकडे शिक्षणाचा मैलाचा दगड होता. मग एसएससी आली, तरी घरात लोक 'मॅट्रिक'च म्हणायचे. १९७५ पर्यंत अकरावीला एसएससी असायची, म्हणून आजही साठी-सत्तरीतली माणसं 'जुनी अकरावी' असं आवर्जून सांगतात. त्या 'जुनी'मध्ये अभिमान असतो आणि माझ्या मते तो रास्त आहे.

मास्तर लोकांत आणखी एक भेद होता, ट्रेंड आणि अनट्रेंड. फायनल होऊन ट्रेनिंग कॉलेजात गेलेला तो ट्रेंड. तुमच्या आत्या ट्रेनिंगला गेल्या होत्या का ते भावाला विचारा.

निळीशाई

विचारते. गुरुजी, 'मापा'चं तुम्ही जे म्हणालात ते मनात राहिलं. मी हेच केलं होतं.

मुद्रितशोधक

आधी लेखनाचं सांगतो, कारण पुस्तिका छापायची आहे. 'उच्चशिक्षित' एक शब्द, 'उच्च शिक्षण' दोन. 'पदव्युत्तर' असंच लिहा. पदवी अधिक उत्तर, संधी होऊन पदव्युत्तर. 'पदवीत्तर', 'पदवीउत्तर', 'पदवित्तर' हे सगळं मी अर्जांत, बायोडेटात, एकदा तर निमंत्रणपत्रिकेवर पाहिलं आहे. 'पदविका' म्हणजे धाकटी पदवी, तो 'इका' लहानपणा दाखवतो. पदविकेवाल्याला पदवीधर म्हणू नये, त्याला पदविकाधारक म्हणतात.

आता 'पदवी'. हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, पावलांनी पडलेली वाट. मग त्या वाटेने जाऊन मिळणारं स्थान, मग मान, मग किताब आणि शेवटी विद्यापीठाचा कागद. पदवीधर म्हणजे तो कागद धारण करणारा. या शब्दात कसलाही नैतिक दावा नाही. तो शहाणा आहे, सभ्य आहे, वाचणारा आहे असं काहीही हा शब्द म्हणत नाही. विद्यापीठाने दिलं, याने घेतलं, एवढंच. म्हणून ज्यांना फक्त औपचारिक शिक्षण सांगायचं आहे त्यांनी 'पदवीधर' वापरावा, 'सुशिक्षित' वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

हिंदीवाले पदवीला 'उपाधि' म्हणतात. आपल्याकडे 'उपाधी' म्हणजे नसती कटकट, त्यामुळे तो शब्द आपल्याला शक्यच नव्हता. 'स्नातक' आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आढळतो, पण बोलण्यात रुळला नाही. गुरुगृही विद्या पुरी झाल्यावर समावर्तनाच्या वेळी स्नान करायचं, ते केलेला तो स्नातक. शब्द सुंदर आहे, पण 'आमचा मुलगा स्नातक आहे' असं मी एकाही मराठी आईच्या तोंडून ऐकलेलं नाही. ती 'ग्रॅज्युएट' म्हणते. आणि 'डबल ग्रॅज्युएट' म्हणताना तिचा आवाज थोडा चढतो.

परखडच

मुद्रितशोधकांशी सहमत नाही. 'सुशिक्षित'मध्ये 'सु' आहे तो उगाच नाही. ज्याच्यावर शिक्षणाचा चांगला परिणाम झाला तो सुशिक्षित. 'शिकलेला आहे, पण सुशिक्षित नाही' हे वाक्य मराठीत अर्थपूर्ण आहे आणि आपल्याला त्याची रोज गरज पडते. रस्त्यावर थुंकणाऱ्या इंजिनिअरला आणखी काय म्हणणार? हा शब्द कागदापुरता केला तर ही फट बुजवायला आपल्याकडे दुसरा शब्द नाही.

मुद्रितशोधक

आहे की. सुसंस्कृत. सभ्य. विवेकी. समंजस. आणि उलट बाजूला तर एकाहून एक आहेत. पढतमूर्ख हा समर्थांच्या दासबोधातला, त्याची लक्षणं सांगायला त्यांनी अख्खा समास खर्च केला आहे. स्वतःला पंडित समजणारा तो पंडितंमन्य. इतकी नेमकी हत्यारं असताना 'सुशिक्षित' या एकाच शब्दावर दोन्ही कामं कशाला लादायची?

दप्तर

सरकारी कागदांत हा घोळ फार जवळून पाहिला आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे 'सुशिक्षित बेरोजगार' हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षं आहे, योजनांत आहे, कंत्राटांच्या कामवाटपात आहे. तिथे सुशिक्षित म्हणजे संस्कारी नव्हे. अमुक इयत्ता किंवा अमुक पदविका पास, एवढाच अर्थ. म्हणजे परखडचसाहेब ज्याला फट म्हणतात ती सरकारने कधीच बुजवून टाकली आहे.

'साक्षर'ची व्याख्या जनगणनेत पक्की आहे. वय सात किंवा त्याहून जास्त, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही, कोणतीही परीक्षा पास असण्याची अट नाही. ब्रेल वाचणारी व्यक्तीही साक्षरच. तेव्हा साक्षर म्हणजे थोडा शिकलेला, असं नाही, ते मोजमापच वेगळं आहे. एकही दिवस शाळेत न गेलेला माणूस पूर्ण साक्षर असू शकतो.

'पदवीधर'ला तर आपल्याकडे मताचं वजन आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघांच्या आणि ७ शिक्षकांच्या. राज्यघटनेच्या १७१व्या कलमात तशी तरतूद आहे. पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. निवडणूक आली की यादी नव्याने होते, नाव पुन्हा नोंदवावं लागतं, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पदवीधर बाहेर राहतात.

आणि 'अर्हता'. हा शब्द जाहिरातीत, अर्जात, शासन निर्णयात सगळीकडे आहे. 'शैक्षणिक अर्हता', 'समतुल्य अर्हता', 'अर्हताप्राप्त उमेदवार'. एकदा नोंदणीच्या टेबलावर एक आजोबा फॉर्म घेऊन आले. बाकी सगळे रकाने वळणदार अक्षरात भरलेले, शैक्षणिक अर्हतेचा कोरा. मी विचारलं, "आजोबा, अर्हता लिहायची राहिली." ते म्हणाले, "ती काय असते साहेब?" मी म्हटलं, "कुठवर शिकलात?" लगेच ताठ झाले. "मॅट्रिक. इंग्रजी-गणित घेऊन." रकाना भरायला मग दहा सेकंद लागले. त्या दिवसापासून मी टेबलावर 'कुठवर शिकलात' असंच विचारतो. छापील फॉर्ममध्येही तेच असावं असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी

'कुठवर शिकलात' हा प्रश्न छान आहे, पण विचारणाऱ्याच्या सुरावर बरंच अवलंबून असतं दप्तरकाका.

मी दहावीनंतर कारखान्यात लागलो. बारावी केलीच नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून बी.ए.ला प्रवेश घेतला. बारावी न झालेल्यांसाठी त्यांनी तेव्हा ही वाट ठेवली होती. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी बसमध्ये पुस्तकं वाचली. पदवी मिळाली. पदवीधर झालो. मग एका मुलाखतीत समोरच्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे बाहेरून केलंय." मी पदवीधर आहे हे कायद्याने खरं होतं, पण त्या 'बाहेरून' शब्दाने मला त्याच क्षणी दाराबाहेर उभं केलं. एक्स्टर्नल, बाहेरून, मुक्तवाला, सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसायचा अर्ज) भरून बसलेला... शब्दकोशात नसतील, पण शिकलेल्या माणसांना वेगळं काढायचे हेही आपल्याकडचे शब्द आहेत. या धाग्यावर त्यांचीही नोंद व्हावी.

निळीशाई

नोंद झाली दादा. आणि लिहिल्याबद्दल खरंच आभार.

सांजवेळ

बायकांसाठीच्या शब्दांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

पदवीधर, सुशिक्षित, साक्षर हे शब्द बाईलाही तसेच लागतात. रूप बदलत नाही ही सोय आहे. पण विद्वानचं 'विदुषी' होतं, पंडितचं 'पंडिता'. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं तेव्हा त्यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. सभेत बसून, प्रश्नांना उत्तरं देऊन मिळवलेला तो शब्द, आणि तो पुढे त्यांच्या नावाचाच भाग झाला. उलट डॉक्टरीण, मास्तरीण, वकिलीण हे शब्द बघा. डॉक्टरीणबाई म्हणजे स्वतः डॉक्टर की डॉक्टरांची बायको? दोन्ही अर्थ चालायचे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून एम.डी. होऊन निघाल्या तरी कितीतरी दशकं आपल्या भाषेला या दोन बायकांमध्ये फरक करता येत नव्हता. आता आपण सरळ 'डॉक्टर' म्हणतो, ते उत्तम.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्याच दोन शब्दांबद्दल. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं म्हणून. तिथल्या पदवीला त्यांनी बी.ए. म्हटलं नाही. नाव ठेवलं 'गृहीतागमा'. जिने आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली ती. आणि त्याच्या वरच्या पदवीचं नाव 'प्रदेयागमा', जिची विद्या आता दुसऱ्याला द्यायच्या योग्यतेची झाली ती. जी.ए. आणि पी.ए. असं नावापुढे लावायच्या. जरा थांबून बघा या जोडीकडे. पहिली पदवी घेण्याची, दुसरी देण्याची. दोन्ही नावं मुळातच स्त्रीलिंगी, कुठल्या पुरुषी शब्दाला शेपूट लावून केलेली नाहीत. पुढे तिथेही बी.ए., एम.ए. आलं. मान्यतेसाठी ते लागतंच, समजतं मला. तरी माझ्या आजीच्या मैत्रिणीच्या नावापुढे छापलेलं 'जी.ए.' मी लहानपणी वाचलं होतं आणि ते आडनावाचं काहीतरी असेल असं समजले होते, याचं आजही वाईट वाटतं. विचारायला हवं होतं.

तुमच्या आत्या फायनल होऊन मुलींना शिकवत होत्या ना? मग अर्थाने त्या दोन्ही होत्या. घेतलं आणि दिलं.

मोडीवाचक

वा सांजवेळताई.

माझा संबंध जुन्या कागदांशी, म्हणून त्या बाजूने लिहितो. विद्यापीठं यायच्या आधीही शिकलेल्यांची वर्गवारी होती आणि ती आजच्यापेक्षा नेमकी होती. दशग्रंथी म्हणजे ठरलेले दहा ग्रंथ मुखोद्गत. घनपाठी म्हणजे वेद घनपाठाने, शब्द पुढेमागे उलटसुलट जोडत, म्हणू शकणारा. षट्शास्त्री, वैयाकरणी, नैयायिक. नावाआधी 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. काय शिकला आणि कुठवर, हे शब्दातच यायचं. अर्थात हे शिक्षण मूठभर जातींपुरतं आणि त्यातल्या पुरुषांपुरतं होतं, हे विसरून त्या शब्दांचं कौतुक करता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी त्या कागदांत अपमानाचा शब्द नाही. पाटील सही करत नसेल तर कागदावर नांगराची आकृती काढायची आणि बाजूला लिहायचं 'निशाणी नांगर'. त्याच्या कामाची खूण हीच त्याची सही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं तर 'दस्तुरखुद्द'. आज आपण 'दस्तुरखुद्द मंत्री आले होते' म्हणतो तो हाच शब्द, मूळ अर्थ स्वतःच्या हाताचं अक्षर. नांगर जाऊन अंगठा आला आणि मग अंगठेबहाद्दर, अंगठाछाप हे शब्द आले. मी पहिल्यांदा 'निशाणी नांगर' वाचलं तेव्हा तो छोटा नांगर बराच वेळ पाहत बसलो होतो. इसाड, जू, फाळ, सगळं चार रेघांत. ज्याने तो काढला त्याचा हात लेखणीला सरावलेला नव्हता, पण नांगर कसा असतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

परखडच

मोडीवाचकसाहेबांनी मला माझ्याच वाक्याचा विचार करायला लावला. 'अडाणी' हा शब्द मी शाळा न शिकलेल्यांसाठीही वापरतो आणि बेअक्कल माणसासाठीही. 'सुशिक्षित' दुहेरी ठेवला की 'अशिक्षित'ही आपोआप दुहेरी होतो, हे लक्षात आलं नव्हतं. थुंकणाऱ्या इंजिनिअरसाठी दुसरा शब्द शोधतो.

तरी 'उच्चशिक्षित'बद्दल माझी तक्रार राहतेच. लग्नाच्या जाहिरातीत 'उच्चशिक्षित, सुस्वरूप, निर्व्यसनी' असं इतकं छापून आलं की उच्च म्हणजे नेमकं कुठून सुरू होतं तेच कळत नाही. नुसता पदवीधर उच्चशिक्षित का? की पदव्युत्तर लागतं?

दप्तर

कागदोपत्री बारावीनंतरचं ते सगळं उच्च शिक्षण. त्या हिशेबाने पदवीला शिकणाराही त्यात आला. बोलीत मात्र लोक निदान पदव्युत्तर धरतात, आणि मुलगा परदेशात शिकून आला असेल तर मग विचारायलाच नको.

मुद्रितशोधक

आणि 'उच्चविद्याविभूषित' तर सत्काराच्या मानपत्राखेरीज कुठेही वापरू नये. तिथेही जपून.

कोरीपाटी

पीएच.डी.ला मराठीत विद्यावाचस्पती म्हणतात ना? मग त्यांना नावाआधी 'डॉ.' का लावायचं? दवाखान्यातले डॉक्टर खरे.

मुद्रितशोधक

उलट आहे. 'डॉक्टर'चं लॅटिन मूळ शिकवणारा असं आहे. आपल्या 'आचार्य'च्या जवळचं. विद्यापीठातल्या डॉक्टरांचा त्या शब्दावरचा हक्क जुना. 'विद्यावाचस्पती' प्रमाणपत्रावर असतो, पण हाक मारायला लांब पडतो, म्हणून मागे पडला.

अशा पदव्यांच्या नावांपैकी लोकांच्या तोंडी खरा रुळला तो 'विशारद', आणि तो गाण्यामुळे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. 'ती विशारद आहे' म्हटलं की गाणंच आठवतं. तसंच राष्ट्रभाषेच्या परीक्षांचं, प्रबोध, प्रवीण, पंडित. कितीतरी गृहिणी 'हिंदी पंडित' होत्या आणि शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेत.

खडूफळा

परवापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, ती लिहितो आणि थांबतो.

आम्ही म्हणायचो, 'तो बी.ए. झाला', 'ती मॅट्रिक झाली', 'मास्तर फायनल झालेले'. आताची मुलं म्हणतात, 'मी बी.ए. केलं', 'एमबीए केलं', 'कोर्स केला'. मुंबई विद्यापीठ १८५७चं, तिथले पहिले बी.ए. १८६२चे. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर त्या पहिल्या चौघांतले. ते 'बी.ए. झाले' असंच आपण आजही म्हणतो, 'बी.ए. केलं' म्हटलं तर कानाला खटकतं. मी कुठलं बरोबर आणि कुठलं चूक म्हणत नाही. पण 'झाली' म्हटलं की परीक्षेने माणसात काही बदल झाला असं वाटतं, जसं मोठी झाली, आई झाली. 'केलं' म्हटलं की एक काम हातावेगळं केलं. निळीशाईताई, शब्द शोधताना विशेषणच शोधायला हवं असं नाही. क्रियापद बघा.

रात्रपाळी

गुरुजी, मी 'पदवीधर झालो' असंच लिहिलं होतं वर. न ठरवता.

आणखी एक. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या मुलाने आणि नात्यातल्यांनी ऐकून उतरवून घेतल्या. आता तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदवीधराच्या कागदावर सगळ्यात वर त्यांचं नाव असतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या कागदावर आहे. आमच्या आईने तो कागद हातात घेतला, तिला फक्त मोठी अक्षरं लागतात, तिने बोट ठेवून 'ब-हि-णा-बा-ई' वाचलं आणि म्हणाली, "ही तर आपल्यातलीच."

सांजवेळ

हे वाचून डोळे भरले रे.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. चार दिवस हा धागा मी घरात मोठ्याने वाचून दाखवतेय.

भावाला विचारलं. आत्या ट्रेनिंगला गेली नव्हती. नाव लागलं होतं, पण त्याच वर्षी लग्न ठरलं. म्हणजे ती 'अनट्रेंड' राहिली. हा शब्द ती स्वतः वापरायची म्हणे, "मी अनट्रेंडच राहिले", आणि आम्हा कुणालाच तो कळायचा नाही. आम्हाला वाटायचं ती घरकामाबद्दल बोलतेय.

'सुशिक्षित', 'उच्चशिक्षित' हे दोन्ही शब्द पुस्तिकेतून काढले. मुलांचंही 'चौघे पदवीधर झाले, धाकटीने पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं' असं सरळ केलं. तो फाटका कागद पहिल्या पानावर आहे तसा छापतोय, मागच्या पट्टीसकट, दोन्ही बाजू. आणि त्याखाली एवढंच:

'आत्या फायनल झाली होती. लग्नाआधी दोन वर्षं तिने मुलींच्या शाळेत शिकवलं. ट्रेनिंगला नाव लागलं होतं, जायचं राहिलं.'

मुद्रितशोधक

'व्हर्नाक्युलर फायनल' असं पूर्ण लिहा. नातवंडांना नुसतं 'फायनल' कळणार नाही. बाकी एक अक्षर बदलू नका.